क्यूसी लॅबला सुरक्षेचे नियम कसे लागतात: बाटलीपासून रजिस्टरपर्यंत

तारापूर असो, लोटे असो की कुरकुंभ, रासायनिक कारखान्यात प्लांटकडे निघालात की गेटवर हेल्मेट आणि सेफ्टी शूज देतात. त्याच कारखान्याच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबच्या दारात मात्र बूट काढून रबरी सपाता घालायला सांगतात, फरशी खराब होऊ नये म्हणून. आत शेल्फवर अडीच लिटरच्या काचेच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड असतं. बाटली हातातून सुटली तर ते आधी पायावरच येणार. लॅब म्हणजे ऑफिसचाच जरा वास येणारा भाग, अशी समजूत यामागे असते, आणि नियम लावताना होणाऱ्या निम्म्या चुका तिच्यातूनच येतात. आधी सपाता काढा. लॅबमध्ये पुढून बंद, घसरणार नाही असा बूट हवा. स्वच्छतेसाठी वेगळी जोडी लागत असेल तर ती लॅबपुरती ठेवा, पण तीही बंदच.

कोणता कायदा, कोणाला

कारखान्याच्या आवारातली लॅब कायद्याने प्लांटपासून वेगळी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मधल्या कामगाराच्या व्याख्येत उत्पादनाशी निगडित काम करणारा माणूसही येत होता. म्हणून एम.एस्सी. झालेला केमिस्ट, काचसामान धुणारा ठेकेदाराचा माणूस आणि फरशी पुसणाऱ्या मावशी हे तिघंही एकाच संरक्षणाचे हक्कदार. भोपाळनंतर १९८७ साली या अधिनियमात घातक प्रक्रियांसाठी प्रकरण ४-अ आलं: धोक्याची माहिती उघड करणं, वैद्यकीय तपासणी, हवेतल्या रसायनांच्या मर्यादा, सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग आणि धोका दिसल्यावर तो बोलून दाखवण्याचा कामगाराचा हक्क.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. तिला सगळे ओएसएच कोड म्हणतात. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० आणि वीज नसलेल्या ठिकाणी ४० कामगारांपासून कारखाना धरला जातो. सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांपासून सक्तीचा आहे, घातक प्रक्रिया असेल तर २५० पासूनच. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे पुढे चालू राहतात, त्यामुळे ‘सगळं बदललं, आता थांबून पाहू’ म्हणणाऱ्या सल्लागाराचं ऐकू नका. तपासणीला येणारं खातं तेच आहे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे बोलीतलं ‘डिश’.

आता ज्यांची लॅब कारखान्यात नाही त्यांचा प्रश्न. स्वतंत्र टेस्टिंग लॅब किंवा कॉलेजची प्रयोगशाळा कारखाना ठरत नसेल, तरी ती मोकळी सुटत नाही. काही कायदे जागेला चिकटतात, काही पदार्थाला. गॅस सिलिंडर नियम, पेट्रोलियम अधिनियम, घातक रसायनांचे १९८९ चे नियम, घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आणि किरणोत्सर्गाचे नियम हे सगळे पदार्थाच्या मागे येतात. बाटली ज्याच्या ताब्यात, नियम त्याच्या दारात. म्हणून कायद्याचं पुस्तक उघडण्याआधी कपाट उघडायचं.

पहिलं काम: यादी

दोन माणसं बसवा, एक वाचणारा आणि एक लिहिणारा. खरेदी रजिस्टरवरून यादी करू नका, प्रत्यक्ष बाटलीवरून करा. रजिस्टरमध्ये सप्लायरने दिलेले नमुने नसतात, प्लांटमधून आलेले इंटरमीडिएटचे (मधल्या टप्प्यातल्या पदार्थाचे) कॅन नसतात, लॅबमध्येच बनवलेली द्रावणं नसतात आणि आठ वर्षांपूर्वीच्या एका प्रोजेक्टसाठी आणून राहिलेला सोडियम सायनाइडचा डबाही नसतो. सिंकखाली, फ्रिजमध्ये आणि रिटेन्शन सॅम्पलच्या (राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या) खोलीत हटकून बघा.

प्रत्येक ओळीत एवढं हवं: नाव आणि कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक), जागा, सर्वांत मोठ्या बाटलीचं माप, एका वेळी जास्तीत जास्त साठा, फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते), धोक्याचा वर्ग, उघडल्याची तारीख. बाकीची माहिती सेफ्टी डेटा शीटमधून मिळते. शीटचे १६ भाग असतात. रोजच्या कामाला भाग २ (धोका), ४ (प्रथमोपचार), ७ (साठवण), ८ (मर्यादा आणि हातमोजे), ९ (फ्लॅश पॉइंट) आणि १० (कशाशी जमत नाही) हे लागतात. शीट ज्या कंपनीची बाटली आहे तिचीच घ्या. इंटरनेटवरून कुठली तरी काढून फाइलला लावली की ३७ टक्के फॉर्मॅल्डिहाइडच्या बाटलीला १० टक्क्यांची शीट लागते, आणि तपासणीत ते पहिल्या पाच मिनिटांत सापडतं.

यादी झाली की तिच्यातूनच परवाने दिसायला लागतात. हेक्झेन, टोल्यूइन, पेट्रोलियम ईथर हे हायड्रोकार्बन आहेत आणि त्यांचा फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सिअसच्या खाली आहे, म्हणून १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमात ते ‘अ’ वर्गात येतात. विक्रीसाठी नसलेला एकूण ३० लिटरपर्यंतचा साठा विनापरवाना चालतो, पण त्याला एक अट आहे आणि ती लॅबवाल्यांना सहसा माहीत नसते: काचेचं भांडं १ लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं २५ लिटरपेक्षा मोठं नको. एचपीएलसी ग्रेडचं (विश्लेषणासाठीचं अतिशुद्ध) हेक्झेन सर्रास अडीच लिटरच्या काचेच्या बाटलीत येतं. म्हणजे साठा १० लिटरच असला तरी सवलत हातची गेलेली असते. ऑर्डर देताना १ लिटरची पॅकिंग मागा. अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉल हायड्रोकार्बन नाहीत, म्हणून ते या ३० लिटरांत मोजायचे नाहीत. आगीला मात्र हा फरक कळत नाही, तेव्हा कपाट एकच ठेवा. रेक्टिफाइड स्पिरिट आणि अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलचा हिशेब राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, परवान्यासकट.

आणखी एक जागा लोक विसरतात. जुन्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) ईसीडी, म्हणजे इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असेल तर त्यात निकेल-६३ चा किरणोत्सर्गी स्रोत असतो. तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतो, एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्रही येतं. असं उपकरण बंद पडलं म्हणून भंगारात काढायचं नाही.

कपाट लावणं

ए-बी-सी-डी प्रमाणे लावलेलं शेल्फ दिसायला सुंदर आणि वागायला वाईट. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि अमोनियम नायट्रेट शेजारी बसतात; एक जळणारं, दुसरं जाळायला मदत करणारं. आधी गट पाडा आणि गटाच्या आत हवी तर वर्णानुक्रमे मांडणी करा: ज्वलनशील द्रव, अजैव अ‍ॅसिड, अल्कली, ऑक्सिडायझर, पाण्याशी भडकणारे, विषारी (कुलुपात). अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड नावाने अ‍ॅसिड असलं तरी जागेने ज्वलनशीलांत बसतं. नायट्रिकला स्वतःचा वेगळा ट्रे द्या, बाकीच्या अ‍ॅसिडपासूनही लांब.

प्रत्येक गटाखाली प्लास्टिकचा ट्रे हवा, त्यातल्या सर्वांत मोठ्या बाटलीच्या ११० टक्के माप मावेल एवढा. द्रव डोळ्यांच्या उंचीच्या वर नको. सॉल्व्हंट घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका: थर्मोस्टॅट आणि दारातल्या दिव्याच्या संपर्काला ठिणगी पडते आणि बंद पेटीत ईथरची वाफ साठलेली असते. आतून ठिणगी न पडणारा फ्रिज मिळतो, तो घ्या. नसेल तर कमी उकळणारे सॉल्व्हंट लागतील तेवढेच मागवा.

ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हवेशी लागून पेरॉक्साइड बनवतात, आणि ते सुकल्यावर घर्षणानेही फुटू शकतात. बाटली उघडली की तारीख टाका. डायआयसोप्रोपिल ईथर ३ महिन्यांत आणि डायएथिल ईथर व टीएचएफ ६ महिन्यांत तपासा किंवा काढून टाका. तपासणीला पेरॉक्साइडच्या पट्ट्या मिळतात. झाकणाभोवती किंवा तळाला स्फटिक दिसले तर बाटली उघडू नका, हलवूही नका. खोली रिकामी करून जाणकाराला बोलवा.

लॅबमध्ये बनवलेल्या द्रावणावर नाव, तीव्रता, तारीख, मुदत, बनवणाऱ्याची सही आणि धोक्याचं चिन्ह हवं. ‘सोल्यूशन ए’ हे लेबल बनवणाऱ्याला कळतं. टेबल पुसणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. भाषेचंही तसंच. सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजते त्या भाषेत लावा, असं १९४८ चा अधिनियम सांगत होता. पाळीत हिंदी किंवा ओडिया बोलणारी माणसं जास्त असतील तर नुसता मराठी बोर्ड पुरणार नाही.

फ्यूम हूड: चालू आहे म्हणजे काम करतंय असं नाही

मोटरचा आवाज येतो, दिवा लागतो, म्हणून हूड, म्हणजे वाफ बाहेर खेचणारं काचेचं कपाट, ठीक आहे असं धरलं जातं. मोजल्याशिवाय सांगता येत नाही. काच साधारण ४५ सेंटिमीटर उघडा. उघड्या भागाचे तीन बाय तीन असे नऊ चौकोन कल्पा आणि प्रत्येकाच्या मध्याशी हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर १० सेकंद धरा. सरासरी सेकंदाला ०.४ ते ०.६ मीटर यायला हवी आणि कुठलाही एक चौकोन सरासरीपासून २० टक्क्यांहून लांब नको. वेग जास्त असला म्हणजे चांगलं असंही नाही. ०.६ च्या वर गेला की आत भोवरे तयार होतात आणि वाफ काम करणाऱ्याच्या छातीजवळ परत येते.

वेग कमी आला तर लगेच मोटर बदलायला धावू नका. आधी लॅबचं दार उघडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पंखा ठणठणीत आहे, खोलीत बाहेरून हवाच येत नाही. तिची सोय करा. न वाढल्यास मागची फट बघा: तिथे बाटल्यांची रांग लावलेली असते आणि हवेची वाटच बुजलेली असते. त्यानंतर पट्टा सैल आहे का, स्क्रबरचं (बाहेर जाणारी वाफ धुणाऱ्या टाकीचं) पॅकिंग तुंबलंय का, डक्टला भोक पडलंय का, या क्रमाने जा.

नऊही चौकोन बरोबर असताना वास येत असेल तर डोक्यावर बघा. हूडसमोर छताचा पंखा किंवा एसीचा झोत असला की हूडची हवा बाहेर खेचली जाते. समोरून घाईने चालत गेलेला माणूसही तेवढं करतो. म्हणून हूड दारापासून लांब हवं, आणि काम काचेच्या रेषेपासून १५ सेंटिमीटर आत. रोजच्यासाठी काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची दोन सेंटिमीटरची पट्टी चिकटवा; ती आत झुकलेली दिसली पाहिजे. फुकटातलं हे उपकरण महागड्या अलार्मइतकंच कामाला येतं.

पर्क्लोरिक अ‍ॅसिड तापवायचं असेल तर साधं हूड वापरू नका. डक्टमध्ये पर्क्लोरेट साचतं आणि वर्षांनंतर दुरुस्तीला आलेल्या फिटरच्या ड्रिलखाली फुटतं. त्याला धुता येणारं वेगळं हूड लागतं. त्याच कारणाने कुठल्याही डक्टच्या किंवा गच्चीवरच्या स्क्रबरच्या कामाला वर्क परमिट काढा. स्क्रबरच्या टाकीत उतरायचं असेल तर ती बंदिस्त जागा आहे: सक्षम व्यक्तीने तपासून लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय कोणी आत जायचं नाही.

सिलिंडर

साखळी उंचीच्या दोन-तृतीयांशावर, टोपी चढवलेली, शक्यतो खोलीच्या बाहेर. ज्वलनशील गॅसचे आटे डावे असतात, ते मुद्दाम. रेग्युलेटर बसत नाही म्हणून अडॅप्टर शोधायला लागलात तर थांबा, तुम्ही चुकीच्या सिलिंडरसमोर उभे आहात. गळती साबणाच्या पाण्याने बघा. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेल-ग्रीस लागलेला हातही नको.

‘नायट्रोजन निरुपद्रवी’ हे वाक्य फार धोक्याचं. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर गॅस असतो. ३ मीटर लांब, रुंद, उंच अशा बंद खोलीत तो पूर्ण गळला तर ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो. १९.५ च्या खाली आत जायचं नाही. त्याला वास नाही, ठसका नाही. द्रव नायट्रोजनच्या एका लिटरपासून सुमारे ७०० लिटर गॅस होतो, म्हणून तो लिफ्टने न्यायचा असेल तर भांडं एकटं पाठवा, माणूस जिन्याने.

गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली विषारी गॅसचे ५ आणि इतर ज्वलनशील गॅसचे २५ सिलिंडर किंवा २०० किलो यांपेक्षा जास्त साठा असेल तर पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. एलपीजीची मर्यादा वेगळी, १०० किलो. रिकामे सिलिंडर वेगळे ठेवा आणि पाटी लावा.

हातमोजे, मास्क, आयवॉश

शीटमध्ये ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढंच असेल तर ती शीट कामाची नाही. निळे पातळ नायट्राइल मोजे डायक्लोरोमिथेनला जेमतेम एक-दोन मिनिटं थोपवतात, अ‍ॅसिटोनलाही फार नाही. शिंतोडा उडाला तर काढून फेकायला ते ठीक. बाटलीभर ओतायला नाही. मोज्यांच्या कंपनीकडून प्रत्येक रसायनाचा आरपार जाण्याचा वेळ मागा आणि तो तक्ता हूडशेजारी लावा.

मास्कच्या कार्ट्रिजचे रंग: तपकिरी सेंद्रिय वाफेला, करडा क्लोरीनसारख्या अजैव वायूंना, पिवळा सल्फर डायऑक्साइडला, हिरवा अमोनियाला. अ‍ॅसिटोन, ईथर, डायक्लोरोमिथेन ६५ अंशांच्या आत उकळतात. त्यांना साधा तपकिरी ‘ए’ चालत नाही, ‘एएक्स’ लागतो, आणि तोही एकदाच वापरायचा. ऑक्सिजन कमी असेल तिथे कुठलंच कार्ट्रिज उपयोगी नाही.

आयवॉश (डोळे धुण्याचा फवारा) १० सेकंदांच्या अंतरावर, वाटेत पायरी किंवा बंद दार नसलेला, मिनिटाला दीड लिटर पाणी १५ मिनिटं देणारा हवा. आठवड्यातून एकदा सोडून बघा. पहिलं पाणी गंजाचं येतं आणि तेच डोळ्यांत जायला नको. बुटीबोरी किंवा वाळूजमध्ये मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला सोसत नाही. आयवॉशचं पाणी १६ ते ३८ अंशांत हवं. टाकीला सावली करा, उघड्या पाइपला इन्सुलेशन घाला, आणि थर्मामीटर दुपारी दोनला लावा. सकाळचं रीडिंग फसवं असतं.

हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वापरत असाल तर २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल त्याच टेबलावर, मुदतीत असलेलं हवं. दवाखान्याच्या कपाटात नको. सौम्य द्रावणाचा चटका बसल्यावर दुखणं कित्येक तासांनी सुरू होतं, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यालाही ५ मिनिटं धुवून, जेल चोळून दवाखान्यात पाठवा.

कचरा

सिंक ही कचरापेटी नाही, आणि ‘शेवटी ईटीपीलाच (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेलाच) जातं’ ही सबब चालत नाही. कॅन वेगळे करा: क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट, बाकीचे सॉल्व्हंट, अ‍ॅसिडी पाणी, अल्कली आणि सायनाइड, जड धातू. सायनाइडच्या कॅनमध्ये अ‍ॅसिड पडलं तर विषारी वायू, नायट्रिकच्या कॅनमध्ये अल्कोहोल पडलं तर काही तासांनी फुटलेला कॅन. चार पंचमांश भरला की कॅन बंद. झाकण हवा सोडणारं असावं.

सीओडीच्या (सांडपाण्यातलं प्रदूषण मोजणाऱ्या) चाचणीतला उरलेला द्रव बहुतेक ठिकाणी बेसिनमध्ये जातो. त्यात पारा, चांदी आणि क्रोमियम तिन्ही असतात. प्रदूषण मोजायला केलेल्या चाचणीनेच प्रदूषण करायचं, याला काय म्हणावं? तो जड धातूंच्या कॅनमध्येच.

घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. रोजची नोंद नमुना ३ मध्ये, पाठवणी नमुना १० च्या मॅनिफेस्टसह तळोजा, महापे, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत सुविधेकडे, वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत. रसायनाच्या रिकाम्या बाटल्याही घातक कचऱ्याच्या यादीत ३३.१ खाली येतात. त्या भंगारवाल्याला किलोवर विकल्या की त्या दुसऱ्या दिवशी कुठे भरल्या जातात याचा विचार करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्रात लॅबचा कचरा नोंदलाय का, हेही बघून घ्या. प्लांटचा असतो, लॅबचा राहून जातो.

हवा, तब्येत, अपघात

१९४८ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत मर्यादा दिल्या होत्या. अमोनिया ८ तासांना २५ आणि १५ मिनिटांना ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), मिथेनॉल २०० आणि २५०, हायड्रोजन सल्फाइड १० आणि १५. पंधरा मिनिटांची मर्यादा दिवसातून ४ वेळांहून जास्त गाठायची नाही आणि मध्ये तासाभराचं अंतर हवं. हवेचा नमुना घेणारा पंप खोलीच्या कोपऱ्यात ठेवून काढलेला आकडा फसवा. तो केमिस्टच्या कॉलरला लावा, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. वासावर भरवसा नको: हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास वासाची जाणीवच मारतो.

वैद्यकीय तपासणी कामावर घेण्याआधी, काम चालू असताना १२ महिन्यांच्या आत, आणि काम सोडल्यावरही. डॉक्टरला रसायनांची यादी द्या, नाहीतर तो रक्तदाब आणि डोळे तपासून सही करेल. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट हाताळणाऱ्याचं यकृत आणि शिसं हाताळणाऱ्याचं रक्त कोणी सांगितल्याशिवाय तपासलं जात नाही.

अपघातामुळे माणूस लगेचचे ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर तो कळवायचा; मृत्यू असेल तर ताबडतोब. लॅबमध्ये हाताला भाजलेल्या केमिस्टला ‘दोन दिवस घरी आराम कर, हजेरी लावतो’ असं सांगून रजिस्टर कोरं ठेवण्याची पद्धत आहे. हा गुन्हा आहे, शिवाय मूर्खपणाही: महिन्याने जखम चिघळली तर विम्याच्या दाव्याला लागणारी नोंदच तुमच्याकडे नसते. घटना घडली त्याच पाळीत तारीख, वेळ, रसायन, तीव्रता, घातलेले हातमोजे आणि किती मिनिटं धुतलं, एवढं लिहून जखमीची आणि एका साक्षीदाराची सही घ्या.